माळकऱ्याची चिंबोरी

लॅब सुरू केल्यावर पहिली काही वर्षं लोक माझ्याकडे लघवीच्या बाटल्या घेऊन यायचे. दोष त्यांचा नव्हता. पाटी रंगवणाऱ्याला 'डेंटल' आणि 'लॅब' या दोन शब्दांपैकी जो कळला तो त्याने मोठा काढला होता. मी बाटली परत करायचो, समोरच्या गल्लीत पाठवायचो, आणि ती माणसं जाता जाता विचारायची, मग तुम्ही काय तपासता? मी काहीच तपासत नाही, असं सांगितलं की त्यांचा माझ्याबद्दलचा आदर जागच्या जागी संपायचा.

मी दातांचा डॉक्टर नाही. डॉक्टर तोंडात बघतात, मी डब्यात बघतो. ते दात घासून बारीक करतात, त्याचं माप घेतात आणि ते माप प्लास्टिकच्या डब्यात घालून माझ्याकडे धाडतात. मी मापात प्लास्टर ओतून दाताची प्रतिकृती काढतो, तिच्यावर बेतून कॅप तयार करतो, आणि डबा परत जातो. खोपोलीचा डबा एसटीने यायचा, खालापूरचा टेंपोने, नेरळचा कंपाउंडरच्या मोटरसायकलवरून. माणूस सहसा यायचा नाही. तीस वर्षांहून अधिक काळ मी कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या दाढा घडवल्या. पण त्या दाढा घेऊन फिरणारी माणसं दहिवलीच्या पुलावर समोरून आली तरी मी ओळखणार नाही. आमच्यात माणसाला नाव नसतं, 'खालची उजवी सहावी' असतं.

गेल्या वर्षी लॅब बंद केली. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'दंतकथा' मागितल्या आहेत. हा विनोद आपल्याला सुचला याचा त्यांना झालेला आनंद पत्राच्या प्रत्येक ओळीत दिसत होता. तेव्हा एक-दोन देतो. त्यानंतर जी सांगणार आहे ती मात्र दंतकथा नाही, कारण ती घडली, आणि ती घडवणारा मी होतो.

खालापूरकडचा एक जमिनीचा एजंट होता. डोंगराच्या पायथ्याची शेतं तुकडे पाडून मुंबईच्या लोकांना विकायचा. त्याला पुढचे सहा दात हवे होते आणि रंग काही केल्या पसंत पडेना, म्हणून डॉक्टरांनी कंटाळून त्याला सरळ माझ्याकडे पाठवलं. मी रंगांची पट्टी काढली. सगळ्यांत पांढऱ्या नमुन्यावर बोट ठेवून तो म्हणाला, याच्या पुढचा दाखवा. पुढचा नाही, म्हटलं. माणसाचे दात इथे संपतात. त्याने खोलीभर नजर फिरवली आणि कोपऱ्यातल्या हात धुवायच्या बेसिनकडे बोट दाखवलं. "हा," तो म्हणाला. "हा रंग." मी दिला. धंदा होता. तो हसला की समोरच्याला हात धुवून घ्यावेसे वाटायचे, पण प्लॉट विकले जात होते.

तसं बघितलं तर त्या माणसाने नकळत बरोबर नातं ओळखलं होतं. बेसिन, कपबशी आणि चिनी मातीची दाढ ही एकाच घराण्यातली भावंडं. पावडर पाण्यात कालवायची, कुंचल्याने थरावर थर चढवायचा, पाणी टिपून काढायचं, भट्टीत घालायचं. पाणी नीट टिपलं नाही तर आत बुडबुडे राहतात. भट्टी घाईने उघडली तर वरचा थर आधी थंड होतो, आतला मागे राहतो, आणि दोघांची ओढाताण कायमची त्या दाढेत कोंडली जाते. दिसत काहीच नाही. ज्या दिवशी फुटायचं त्या दिवशी ती दाढ फुटते, आणि लोक म्हणतात, काल तर चांगली होती.

या मातीचा स्वभाव असा की तिला दाबा, ती हत्तीचा पाय सोसेल. वाकवायला गेलात, की बिस्किट. आणि फुटण्याची सुरुवात बहुतेक वेळा पृष्ठभागावरच्या एखाद्या ओरखड्यापासून होते. हे मी पुस्तकात वाचलं, पण कळलं बाजारातल्या फोटो फ्रेमवाल्याकडे. तो काच कापत नाही. हिऱ्याच्या कलमाने तिच्यावर एक बारीक रेघ ओढतो, काच टेबलाच्या कडेवर घेऊन हलकेच दाबतो, आणि काच त्या रेघेवरून आपण होऊन दुभंगते. आमचा सगळा धंदा म्हणजे ती रेघ न ओढण्याची काळजी. कॅप कुठे घासावी लागली, तर बारीक हिऱ्याने, म्हणजे हिऱ्याची बारीक पूड लावलेल्या फिरत्या अवजाराने, पाण्याखाली, हलक्या हाताने घासायची. मग रबरी चाकांवर पॉलिश करून ओरखडे संपवायचे. मग गरज असेल तर वरून चकाकी द्यायची, म्हणजे काचेचा पातळ थर चढवून पुन्हा भट्टी. हा क्रम महत्त्वाचा. पॉलिशने ओरखडा जातो. चकाकीने तो झाकला जातो.

हे न पाळणारे डॉक्टर मी पुष्कळ पाहिले. रसायनीच्या बाजूला एकांनी चार मजली दवाखाना काढला होता. उद्‌घाटनाला फीत, फीत कापायला सोन्याचं पाणी दिलेली कात्री, कात्री ठेवायला मखमलीची उशी. आत सगळी यंत्रं परदेशी. फक्त कॅप उंच लागली की हे गृहस्थ रस्ता उखडायच्या जोमाने ती तोंडातल्या तोंडात जाड हिऱ्याने घासत आणि तशीच सोडून देत. सहा महिन्यांनी दोन तुकडे माझ्याकडे. सोबत चिठ्ठी: मटेरियल खराब. एका दिवाळीला मी त्यांना मिठाईऐवजी पॉलिशच्या रबरी चाकांचा डबा पाठवला. त्यांचा फोन आला की यंदा तुमची मिठाई पोचली नाही.

ही गोष्ट मी बरीच वर्षं चार लोकांत सांगत आलो. लोक हसायचे. दुसऱ्याच्या ओरखड्यांविषयी मी फार चांगलं बोलतो.

नंतर झिर्कोनिया आलं. हा पदार्थ आधी खडूसारखा मऊ असतो. मऊ असतानाच त्यातून दाढ कोरून घ्यायची, हवी त्यापेक्षा चांगली पाव हिस्सा मोठी, आणि मग भट्टीत कित्येक तास ठेवायची. ती आवळत आवळत मापाला येते आणि बाहेर निघते तेव्हा तिच्यावर फक्त हिरा चालतो. एक विचित्र गुण तिच्या अंगात आहे. थोडं खरवडलं, बारीक वाळूचा हलका मारा केला, तर वरचे कण फुगतात आणि तडा जाऊ पाहणारी जागा दाबून धरतात. दाढ उलट कणखर होते. पण जोरात, कोरडं घासलं तर भेग या फुगण्याच्या पलीकडे खोल जाते आणि मग तिला कोणी अडवत नाही. थोड्या अपमानाने माणूस ताठ होतो आणि जास्तीने मोडतो, तसंच काहीसं. हे वाक्य मी नव्या पोरांना शिकवताना वापरायचो. मला ते फार आवडायचं.

ब्रिज म्हणजे मधला दात नसतो तेव्हा शेजारच्या दोन दातांवर टेकवलेला तिघांचा जोडसंच. त्यात सगळ्यांत नाजूक जागा दोन दातांमधल्या जोडाची, आणि जोडातही खालची बाजू. चावताना ब्रिज पुलासारखा खाली वाकू बघतो आणि सगळा ताण तिथे येतो. त्या जागी ओरखडा ठेवायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

कडावच्या डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या. मला काका म्हणायच्या, आणि मी सांगेन ते खरं मानायच्या. त्यांनी खालच्या उजव्या बाजूचा असा एक झिर्कोनियाचा ब्रिज मागवला होता आणि शुक्रवारी हवा असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. मी भट्टीचा नेहमीचा लांब कार्यक्रम सोडून घाईचा लावला. ब्रिज बाहेर आला तो किंचित मुरडलेला. प्रतिकृतीवर बसवला तर एका बाजूने डुलत होता आणि जोडाखाली हिरडीला टोचणार होता. करायचं ते साधं होतं: टाकून द्यायचा, दुसरा कोरायचा, डॉक्टरांना फोन करून सोमवार मागायचा. त्या अर्ध्या शब्दाने हो म्हणाल्या असत्या. पण मी दिलेला वार चुकवत नाही अशी माझी ख्याती होती, आणि ती ख्याती मला त्या माणसाच्या दाढेपेक्षा प्यारी होती. टेंपोवाला दारात हॉर्न वाजवत होता. मी जाड हिरा लावला आणि ब्रिज कोरडाच घासला, आतून आणि जोडाच्या खालूनही. ठिणगी उडालेली मी पाहिली. टेंपोवाल्याला म्हटलं, चहा पिऊन ये. पॉलिशला वेळ नव्हता. चकाकी चढवली, छोट्या भट्टीत एक फेरी काढली. बाहेर आला तेव्हा ब्रिज इतका सुंदर दिसत होता की मी स्वतःवर खूश झालो.

तो नऊ-दहा महिन्यांनी, आषाढ सरता सरता, दोन तुकड्यांत परत आला.

भिंगाखाली धरला. फुटलेल्या मातीत सगळं लिहिलेलं असतं, वाचता आलं पाहिजे. तडा जिथून निघतो तिथे एक छोटी गुळगुळीत जागा असते आणि तिथून पंख्याच्या काड्यांसारख्या रेषा पसरत जातात. पंख्याची मूठ जोडाच्या खालच्या बाजूला होती, चकाकीच्या थराखालच्या एका ओरखड्यावर. ओरखडा जाड हिऱ्याचा होता. मला माझं हस्ताक्षर ओळखू आलं.

मी डॉक्टरांना फोन केला आणि म्हणालो, काहीतरी कडक चावलं असेल.

या वाक्याविषयी बाहेरच्या लोकांना थोडं सांगायला हवं. आमच्या धंद्यातलं सगळ्यांत मजबूत मटेरियल म्हणजे हे वाक्य. आजवर ते कुठे तडकल्याचं ऐकिवात नाही. त्याचे ऋतूंप्रमाणे प्रकार आहेत: उन्हाळ्यात आंब्याची कोय, लग्नसराईत मटणाचं हाड, थंडीत ऊस. आणि आमच्या भागात पावसाळ्यात, शेताच्या बांधांवर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, निघतात तेव्हा, चिंबोरी. डॉक्टरांनी विचारलं, कडक म्हणजे काय असेल काका? मी म्हणालो, "आषाढ चाललाय, कडावचा माणूस आहे. चिंबोरीची नांगी फोडली असेल दाताने, दुसरं काय." त्या हसल्या. मीही हसलो.

चार दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास एक साठीचा माणूस लॅबच्या दारात उभा राहिला. दुधाचे रिकामे कॅन लावलेली मोपेड बाहेर. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ. मी सवयीने समोरच्या गल्लीकडे बोट दाखवणार होतो.

"दात बनिवतात ते तुमीच काय?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं, बसा म्हटलं. तो बसला नाही. म्हणाला, मी बाळाराम, कडावच्या पुढच्या गावचा, तो पुलाचा दात माझा. खालची उजवी सहावी पहिल्यांदाच दोन पायांवर माझ्यासमोर उभी होती.

त्याने सांगितलं ते असं. डॉक्टरांनी त्याला आत घेताना हसत हसत विचारलं होतं, काय बुवा, चिंबोऱ्या खाल्ल्या का? दार उघडं होतं, बाहेर बाकावर त्याच्याच गावची दोन माणसं बसली होती. हा मोपेडवरून घरी पोचण्याआधी चिंबोरी गावात पोचली होती. चौदा वर्षांपूर्वी त्याने माळ घातली, तेव्हापासून मासमच्छी सोडलेली. ब्रिज मोडला तेव्हा तो तांदळाची भाकरी आणि अळूचं फतफतं खात होता. अळूने दाढ मोडली यावर गाव कसा विश्वास ठेवणार? बायकोने काही विचारलं नाही, फक्त दोन दिवसांनी एवढंच म्हणाली, कोनाच्या घरी खाल्लीत तेवढं सांगा, त्या घरी मी पानी पिनार नाय.

आणि पुढे खरी गोष्ट. लावणी उरकली की श्रावणात त्यांच्या गावात हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पहारे बदलत, ती अखंड उभी राहते. वीणा गळ्यात घालायची तर माणूस माळकरी हवा आणि माळ खरी हवी. पहिला पहारा दहा-बारा वर्षं बाळारामबुवांचा. यंदाची यादी देवळातल्या फळ्यावर लागली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. कोणी भांडलं नाही, कोणी आरोप केला नाही. सप्ताह मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, बुवा, यंदा तुम्ही जरा आराम करा.

"तर तुमी बोल्लात का चिंबोरी?" त्याने विचारलं.

"मी तसं म्हणालो नाही," मी म्हणालो. "मी म्हणालो, काहीतरी कडक असेल."

"मग चिंबोरीचं नाव कोनी काडलं?"

मी टेबलावरची अवजारं सरळ करू लागलो.

"मला नवीन दात नको," तो म्हणाला. "तुमी येवढंच बोला, का चिंबोरीबिगर पन तुटतो. चार मानसांत येऊन बोला. डाक्टरीण बाय बोल्ल्या, तुमाला त्यातलं सगलं कलतं."

मी बोलायला सुरुवात केली. ताण आणि दाब यांतला फरक सांगितला. सूक्ष्म तडे, पदार्थाची थकावट, चावण्याची पद्धत, रात्री दात खाण्याची सवय. मी चांगलं बोलतो हे वर आलंच आहे. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. शाळेत पहिल्या बाकावरचा विद्यार्थी ऐकतो तसा.

"म्हंजे व्हय का नाय?"

"तसं ठामपणे काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

ज्या खणात ते दोन तुकडे होते तो माझ्या उजव्या हाताशी होता. मी खणाच्या मुठीवर हात ठेवला, तो उघडायला नाही, तो उघडला जाऊ नये म्हणून. मग मला उदार व्हायची हुक्की आली. म्हणालो, नवा ब्रिज मी तुम्हाला फुकट करून देतो.

बाळारामबुवा पहिल्यांदा थोडे हसले. "फुकट नको. फुकट घेतला तं लोक बोलतील, बघा, खाल्ली ती खाल्ली, नि वर नवीन पन उकलला."

निघताना त्यांनी टोपी सरळ केली आणि म्हणाले, सप्त्याला या, काल्याच्या दिवशी जेवायला या. मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. त्या गावची माणसं आल्यागेल्याला असंच बोलवतात.

त्या आठवड्यात मी मंडळाला द्यायला लॅबच्या कागदावर एक पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'मटेरियलच्या मर्यादा' होत्या. दुसऱ्यात 'शक्यता नाकारता येत नाही' होतं. तिसऱ्यात मी जवळ आलो: 'ब्रिजच्या जोडावर ओरखडा राहून गेला.' आयुष्यभर मराठी वाचलं, पण आपल्या भाषेत चूक करणाऱ्याला वाक्यातून पळून जायला इतके दरवाजे आहेत हे तेव्हा कळलं. राहून गेला. नजरचुकीने घडलं. घाईत निसटलं. चौथ्या खर्ड्यात लिहिलं, 'मी घाईने कोरडं घासलं, ओरखडा ठेवला आणि तो चकाकीने झाकला. बाळारामबुवांनी काहीही कडक खाल्लेलं नाही.' दोन वाक्यं. ती लिहायला मला चार दिवस लागले आणि तोवर सप्ताह बसून पहिला पहारा होऊन गेला होता.

डॉक्टरांना मी सगळं पुढे सांगितलं, सप्ताह उठल्यावर. त्या फोनवर म्हणाल्या, "काका, दार उघडं होतं हो." त्या स्वतःला दोष देत होत्या, आणि तेही मी ऐकून घेतलं.

काल्याच्या दिवशी सकाळी पत्र खिशात घालून गेलो. देवळापुढे पत्र्याचा मांडव, माणसांची दाटी, कीर्तन संपत आलेलं. वीणा एका तरुण माणसाच्या गळ्यात होती; त्याला ती मोठी वाटत होती. मी अध्यक्षांचा पत्ता विचारत पुढे गेलो. गृहस्थ मांडवातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले होते. दोन बोटांत दोन अंगठ्या, खांद्यावर उपरणं, हातात कार्यक्रमपत्रिका, जिच्यावर त्यांचा फोटो विठोबाहून बोटभर लहान होता. मी कर्जतहून आलो, दातांचं काम करतो, बुवांच्या संदर्भात बोलायचं आहे, असं म्हणालो. त्यातलं कर्जत आणि दात एवढं त्यांनी घेतलं. माझा दंड धरून मला व्यासपीठावर नेलं आणि माइकवर म्हणाले की कर्जतचे सुप्रसिद्ध दंततज्ज्ञ, डॉक्टरसाहेब, आपल्या व्यग्र कार्यक्रमातून वेळात वेळ काढून आले आहेत. शाल आली. नारळ आला. टाळ्या झाल्या. माझ्या हातात माइक देऊन ते म्हणाले, दोन शब्द.

माझ्याकडे नेमकी दोनच वाक्यं होती, खिशात.

असल्या सत्कारांची मी जन्मभर टर उडवत आलो. शाल पांघरलेला माणूस कसा दिसतो यावर मी लोकांना हसवलं आहे. शाल अंगावर पडल्यावर आत काय होतं हे ठाऊक नव्हतं. समोर तीन-चारशे माणसं चांगल्या चेहऱ्याने बघत होती. मांडवाच्या टोकाला बाळारामबुवा उभे होते, हातात आमटीची बादली, आणि तेही माझ्याकडे बघत होते. बादली त्यांनी खाली ठेवली. ऐकायला.

मी म्हणालो, या गावाचं प्रेम पाहून मन भरून आलं. म्हणालो, दात जपा, दिवसातून दोनदा घासा. राम कृष्ण हरी म्हणालो आणि माइक परत दिला.

बुवांनी बादली उचलली आणि स्वयंपाकाच्या बाजूला गेले.

मी मागून गेलो. देवळामागे चुलाणांवर भाताची घमेली उतरत होती. शाल काढून कुठे ठेवायची ते कळेना म्हणून हातावरच घेतली. त्यांना बाजूला बोलवलं आणि सांगितलं. सगळं. भट्टी, जाड हिरा, टेंपोवाला, चकाकी, भिंग, खण. पत्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलगडलं नाही. धुरामुळे त्यांचे डोळे बारीक झाले होते, त्यामुळे रागावलेत की नाही ते दिसत नव्हतं.

"हे मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "मी नाय खाल्ली, ते मला म्हाईत हाय."

पत्र त्यांनी माझ्या हातावरच्या शालीवर परत ठेवलं, आमटीची बादली भरून घेतली आणि पंगतीकडे वळले.

मी व्यासपीठाकडे धावलो म्हणायला हरकत नाही, या वयात जितकं धावता येतं तितकं. माइक बंद झाला होता. मांडववाला वायर कोपरावर गुंडाळत होता. त्याला म्हटलं, एक मिनिट लाव. तो म्हणाला, साहेब, दुसऱ्या गावाला पोचायचंय. अध्यक्ष जेवायला बसले होते. त्यांच्यासमोर पत्र धरलं. त्यांनी डाव्या हाताने घेतलं, न वाचता खिशात ठेवलं आणि म्हणाले, आभाराचं पत्र कशाला, आपलाच कार्यक्रम आहे.

मग मी मांडवाच्या मधोमध उभा राहिलो. पंगती बसल्या होत्या, पत्रावळ्यांवर भात पडत होता, मुलं पाणी मागत होती. मी मोठ्याने म्हणालो, "मंडळी, ऐका. बाळारामबुवांचा दात चिंबोरी खाऊन मोडला नाही. तो माझ्या चुकीने मोडला." माझा आवाज बारीक आहे. आयुष्य यंत्राच्या आवाजात गेलं, ओरडायची सवय नाही. जवळच्या पाच-सहा जणांनी मान वर केली. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्या पंगतीतून एका म्हातारीने विचारलं, काय बोलतात रं ते डाक्टर? तिच्या शेजारच्या माणसाने घास गिळला आणि सांगितलं, "बुवांच्या चिंबोरीचं कायतरी बोलतात."

चिंबोरी हा शब्द पंगतीतून पुढे सरकत गेला. माझ्या पुढे, माझ्या मागे, पत्र्याच्या मांडवाच्या टोकापर्यंत. बाकीचं वाक्य त्याच्याबरोबर गेलं नाही. टोकाला कोणीतरी हसलं, मग दोघं-तिघं हसले. वाईट नाही, सणाचं हसू. कोणीतरी मला हात धरून बसवलं, पुढ्यात पत्रावळ टाकली, भात वाढला.

बाळारामबुवा त्याच पंगतीत वाढत येत होते. हसू त्यांच्या बाजूने गेलं तेव्हा ते थांबले नाहीत, वर बघितलं नाही. एकेक पान करत ते माझ्यापाशी आले, वाकले, आणि सगळ्यांना विचारत होते तेच, त्याच आवाजात विचारलं.

"आमटी?"

मी मान हलवली. त्यांनी भातात खळगा करून दोन पळ्या वाढल्या, आणि पुढच्या पानाकडे गेले.